गुऱ्हाळावरची प्रवेशपरीक्षा

दिवाळीचे आकाशकंदील उतरून माळ्यावर गेले, की थोड्याच दिवसांत बावड्याच्या रस्त्याला तो वास येतो. आधी नुसता धूर वाटतो. मग धुराला गोडी चढते. मग रस्त्यावर एक जागा अशी येते, की सायकलवाला पायडल मारायचं विसरतो आणि मोटरवाला काच खाली करतो. ती जागा आमच्या गुऱ्हाळाच्या बरोबर समोर आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही. वारा तसा आहे.

यंदा हंगाम लागला तेव्हा वाळत घातलेल्या उसाच्या चिपाडाच्या ढिगाला पाठ लावून माझी पुतणी मुक्ता बसली होती. कानात वायरी, मांडीवर लॅपटॉप, कपाळावर आठी. एमबीएच्या प्रवेशपरीक्षेचा सराव चालला होता. घरात लक्ष लागत नाही म्हणून बाईसाहेब इथं आल्या होत्या. इथं! जिथं घाण्याचा आवाज, चुलवणाची धग आणि दर घटकेला नवा पाहुणा! मला हसू आवरेना.

"काका, हसताय काय?"

"काय न्हाय. चालू दे तुझं."

तिनं कानातली वायर काढली. समोर एक अनोळखी माणूस रस पिऊन, मिशा पुसून, रामराम करून निघून चालला होता.

"ओळखीचे होते?"

"न्हाय."

"मग फुकट का दिलात? येईल त्याला रस, येईल त्याला गरम गूळ. हा खर्च कुठं धरता तुम्ही?"

मी हातातलं उसाचं कांडं खाली ठेवलं. कारण हाच प्रश्न मला एकदा पुण्याच्या एका खोलीत, टाय बांधलेल्या तिघांपैकी एकानं विचारला होता, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्या प्रश्नाच्या दारात ताटकळत उभं राहिलं होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी बी.कॉम. झालो होतो आणि माझ्या डोक्यात मॅनेजर होण्याचं खूळ शिरलं होतं. आता आमच्या कोल्हापुरात मॅनेजर काही कमी नव्हते. थिएटरचा मॅनेजर होता, तो दारात उभं राहून ओळखीच्या लोकांना आत सोडायचा. लॉजचा मॅनेजर होता, तो किल्ल्या सांभाळायचा. बँडपथकाचा होता, तो वरातीत सगळ्यात पुढं चालायचा आणि त्याला एकही वाद्य वाजवता येत नसे. त्यामुळं मॅनेजर व्हायला दोन वर्षं शिकावं लागतं आणि त्या शिक्षणात शिरायला परीक्षा द्यावी लागते, हे ऐकून आमचे आबा खरोखर चक्रावले. आबा म्हणजे माझे वडील. गुऱ्हाळ त्यांचं.

"शिकवत्यात काय तितं?"

"माणसांकडनं काम कसं करून घ्यायचं, ते."

आबांनी घाण्यावर ऊस घालणाऱ्या गड्याकडं बघितलं, चुलवणात चिपाड सारणाऱ्याकडं बघितलं, काहिलीतली मळी काढणाऱ्या गुळव्याकडं बघितलं. "आणि ह्यांच्याकडनं मी काय करून घेतोय? भजन?"

पण आबा मोठे कुतूहलाचे गृहस्थ. नाही म्हणाले नाहीत. अट घातली. "एक हंगाम दिला तुला. ह्या हंगामात जमलं तर खुशाल जा, मी अडवणार न्हाय. न्हाय जमलं, तर पुढच्या हंगामाला हितं माझ्या जागंवर बसायचं. मग पुन्हा परीक्षा-बिरीक्षा काढायची न्हाय. कबूल?"

मी कबूल म्हणालो. मला जायचंच होतं. का, हे आज नीट सांगता येत नाही. काहिलीतल्या वाफेपलीकडं काय आहे ते बघायचं होतं, इतकंच आठवतं.

तर त्या हंगामात अभ्यास केला तो याच जागी. पुण्याहून मागवलेलं एक जाडजूड गाइड होतं, त्याची पानं आठवड्याभरात गुळानं एकमेकांना चिकटली. आजही इंग्रजीतले काही भारदस्त शब्द कानावर आले की माझ्या तोंडाला काकवीची चव येते. आणि आबांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवलेलं, "पोरगा परीक्षेला बसलाय." झालं! रस प्यायला थांबलेला माणूस ग्लास हातात घेऊन माझ्यासमोर उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "वाच की एखादा प्रश्न. बघू काय विचारत्यात." शिरोळकडचे एक मामा बाजाराला जाताना वाकडी वाट करून यायचे, ते केवळ गणितं ऐकायला.

एकदा मी वाचलं, अमुक काम 'अ' दहा दिवसांत करतो, 'ब' पंधरा दिवसांत, दोघांनी मिळून केलं तर किती दिवस लागतील?

"दोघं एकमेकाचे पावणं हायत का?" शिरोळच्या मामांनी विचारलं.

"तसं दिलेलं नाही."

"मग गणित सुटायचं न्हाय. पावणं असतील तर चार दिस चहापाण्यातच जातील."

"आणि भावकी असली," आबांनी काहिलीकडून आवाज दिला, "तर काम हुईतच न्हाय!"

सगळं गुऱ्हाळ हसलं. मी उत्तर सहा दिवस काढलं होतं आणि ते बरोबर होतं. पण खरं सांगतो, त्यानंतर मला त्या 'अ' आणि 'ब'ची काळजी वाटू लागली.

माझा खरा गुरू होता शब्बीर. शिवाजी पेठेतला माझा कॉलेजचा मित्र. त्याच्या घरचा लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा, आणि पेठेच्या फुटबॉल सामन्यांना माईकवर बोलणारा आवाज त्याचाच. बॉल कुठं का असेना, शब्बीरचा आवाज गोलमध्ये असायचा. लेखी परीक्षेनंतर ग्रूप डिस्कशन नावाचा प्रकार असतो, दहाजणांना एका टेबलाभोवती बसवून एक विषय देतात आणि बोलायला लावतात, हे मी त्याला सांगितलं. 

"म्हंजे भांडान लावत्यात?"

"चर्चा असते, शब्बीर."

"दहाजण, एक विषय, एक टेबल. मर्दा, चर्चा म्हण न्हाय तर काय म्हण. तयारी माझ्याकडं लागली."

आणि काय ती तयारी! घाणा चालू असताना तो गुऱ्हाळाच्या त्या टोकाला उभा राहायचा आणि मी या टोकाला. विषय असायचा लघुउद्योग की अवजड उद्योग. मधे डिझेल इंजिनाची धडधड. "ऐकू यीना!" तो ओरडायचा. "मुद्दा न्हाय आला तरी चालंल, आवाज पोचला पाहिजे!" गडी-माणसं काम थांबवून दोन्ही बाजूंनी पडायची. अवजड उद्योगाच्या बाजूनं एकदा एक बैलगाडीवाला इतका सुंदर बोलला की मी स्वतःचा मुद्दा सोडून त्याचा घेतला. पेठेत सामन्याआधी पोरं एकमेकांना जसं डिवचतात तसं शब्बीर मला डिवचायचा, आणि सराव संपला की आम्ही दोघं एकाच ग्लासातून रस प्यायचो. आमच्याकडं ही पद्धतच आहे. ज्याच्याशी कडाकडा भांडायचं, त्याला रिकाम्या पोटी जाऊ द्यायचं नाही.

लेखी परीक्षा कशी झाली ते विचारू नका. झाली. आणि काय आश्चर्य, मुलाखतीचं बोलावणं आलं! आबांनी पत्र उलटसुलट करून बघितलं, वास घेतला, म्हणाले, "कागद बरा वापरत्यात." जाताना त्यांनी पंच्यात बांधून गुळाची एक भेली हातात दिली. "गुऱ्हाळावरनं चाललायस. मोकळ्या हातानं जाऊ नको."

पुण्यातली ती खोली मला अजून स्वच्छ दिसते. पंखा सावकाश फिरत होता. टेबलाभोवती आम्ही दहाजण, नऊ टाय आणि एक मी. भिंतीला लागून परीक्षक. विषय निघाला, शहरीकरण देशाला तारक की मारक. बाकीचे खाकरून, वाक्यं जुळवून सुरुवात करणार, तोवर मी सुटलो. आवाज कुठला? डिझेल इंजिनावर मात करायला कमावलेला! त्या शांत खोलीत तो असा फुटला, की समोरच्या गोऱ्यापान मुलाच्या हातातलं पेन पडलं. इंग्रजी माझं कसंबसं, पण दोन शब्दांच्या मधे मी "ऐका की!" घालत होतो. एकाला तर मी चक्क "पावणं" म्हणालो. पुढं सगळेच तापले. टाय सैल झाले. आमच्या गुऱ्हाळाला शोभेल असं रण माजलं.

वेळ संपली. सगळे एकमेकांकडं न बघता उठायला लागले, आणि माझ्या कोल्हापुरी जिवाला ते सहन होईना. एवढं भांडलो आणि असंच जायचं? मी पंचा सोडला, भेली टेबलाच्या कडेवर आपटून फोडली आणि प्रत्येकाच्या हातात एक एक खडा ठेवला. "घ्या की! घ्या. आणि कोल्हापूरला या एकदा. बावड्याच्या रस्त्याला, साखर कारखान्याच्या अलीकडं. वास येईल तितं थांबा." परीक्षकांनाही तेच म्हणालो. आमच्याकडं 'या एकदा' हे बोलण्यापुरतं नसतं, हे त्या लोकांना कुठून माहीत असणार?

मुलाखतीत तिघांपैकी एक चष्मेवाले प्राध्यापक होते, मराठी बोलणारे. त्यांच्या बोटाला अजून गूळ होता. त्यांनी गुऱ्हाळाची चौकशी केली. मी भरभरून सांगितलं. बोलता बोलता तेही सांगितलं, की आमच्याकडं येईल त्याला रस मिळतो, पैसे घेत नाहीत.

"का?" ते म्हणाले.

"अं?"

"धंदा आहे ना? मग माल फुकट का देता? हा खर्च कुठं धरता?"

बघा! मुलांना पाठ असतात तशी माझी सगळी उत्तरं पाठ होती. माझ्या आयुष्याचं ध्येय पाठ होतं, माझे गुण पाठ होते, सांगण्याजोगे दोन निरुपद्रवी दोषसुद्धा पाठ होते. पण हे? हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं. श्वास का घेता, असं विचारल्यासारखं वाटलं. मी छताकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि म्हणालो, "आबांना विचारून सांगतो."

मधला टाय हसला. चष्मेवाले हसले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली.

घरी येऊन ही हकीकत सांगितली तेव्हा आबा खवळले. "मला विचारून? स्वतःला तोंड न्हाय? आणि तो कोण दीडशहाणा असला प्रश्न विचारणारा?" एवढं बोलून ते ऊस तपासायला निघून गेले.

मग वाट बघणं. हंगाम उतरणीला लागला होता, ऊन चढत होतं. मी चुलवणावर चिपाड टाकत होतो, कारण हात रिकामे राहिले की डोकं पुण्याला जायचं. अशा एका दुपारी रस्त्यावर एक टॅक्सी थांबली, आणि नाक वर करून हवा हुंगत, पँट वर धरून, चिखल चुकवत चष्मेवाले प्राध्यापक आमच्या गुऱ्हाळात आले.

मी काजळीनं माखलेला. त्यांनी मला ओळखलं, ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. प्राध्यापक माणूस डोळा मारतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. नंतर कळलं, जवळच्या एका कारखान्याचं त्यांना काही काम होतं, आणि दुपार मोकळी होती.

"या पावणं, या! बसा," आबांनी पोतं झटकून टाकलं. ताजा रस, आलं, लिंबू. ग्लास रिकामा व्हायच्या आत दुसरा भरला. शब्बीर तिथंच होता. त्याला काहीच ठाऊक नव्हतं, तो पाहुण्याला पेठेचा शेवटचा गोल समजावून सांगायला लागला.

"किती झाले?" प्राध्यापकांनी खिशात हात घातला.

"अवो, ठेवा ते. गुऱ्हाळावर रसाचं पैसं असत्यात व्हय?"

"पण का? तुमचा माल, तुमची मेहनत."

आणि आबांना ऊत आला. "आता तुम्ही बी तेच! पुण्याला एका दीडशहाण्यानं ह्या माझ्या पोराला नेमकं हेच विचारलं. आणि हे मुसळ म्हणतंय, आबांना विचारून सांगतो!"

"मग तुम्ही काय सांगितलं असतंत?"

मी हातातलं चिपाड तसंच धरून उभा राहिलो.

"हे बघा पावणं," आबा म्हणाले. "तुम्ही गाडीत होता. वास आला?"

"आला."

"लांबनं आला?"

"बराच लांबून."

"म्हंजे माझा गूळ तुमच्यापतुर आधीच पोचला. मी पाठवला न्हाय, तुम्ही मागितला न्हाय. माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं आमच्यामुळं, आणि आता त्याला म्हणू, पैसं टाक? वासाची राखण न्हाय करता येत मला. म्हणून धंदा बाजारात. हितं न्हाय." मग त्यांनी मिशीला पीळ भरला. "असं सांगितलं असतं त्या दीडशहाण्याला."

प्राध्यापक मोकळेपणानं हसले. "आबा, तो दीडशहाणा मीच."

घाणा चालूच होता, पण मला तो ऐकू येईनासा झाला. शब्बीरचा गोल हवेतच राहिला. आबांनी माझ्याकडं बघितलं. "व्हय रं दत्ता?"

"व्हय."

"आणि निकाल?"

"अजून लागायचाय," प्राध्यापक म्हणाले.

मला वाटलं, आता! आता आबा दोन शब्द टाकतील. पोरगं कष्टाळू हाय, घ्या पदरात, असं काहीतरी. गुळव्या कांड्यावर गरम गूळ घेऊन पाहुण्याकडं येतच होता. आबांनी त्याला हातानं थांबवलं. रिकामा ग्लास उचलून बाजूला ठेवला. मग उठले, टोपी सारखी केली आणि आयुष्यात कधी न काढलेले शब्द तोंडातून काढले.

"रसाचं चार आणे द्या, सायेब."

"आबा!" शब्बीर किंचाळला. माईक नसताना रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. "डोकं फिरलं काय तुमचं? पावण्याकडं पैसं?"

आबांनी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.  प्राध्यापकांचा चेहरा आधी कोरा होता. मग हळूहळू त्यावर काहीतरी उमटत गेलं. त्यांनी खिसे चाचपले, चार आण्याचं नाणं शोधलं आणि दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं, आबांच्या तळहातावर ठेवलं.  टॅक्सी गेली.

मी आबांच्या अंगावर धावून जायचाच बाकी होतो. "काय केलंसा हे? काय म्हणत असेल तो?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे." आबांनी ते नाणं खिशात टाकलं नाही. काडेपेटी ठेवायच्या देवळीत ठेवलं. "आला तवा पावणा हुता. बसल्या बसल्या सायेब झाला. पावण्याला रस देतोय आपण. सायबाला दिला, तर त्याला दुसरं नाव हाय."

शब्बीर सायकलीला टेकून उभा होता. तो दिवसभर बोलला नाही. हे त्याच्या बाबतीत मी त्याआधी आणि नंतर कधी पाहिलं नाही.

हंगामातलं गुळाचं शेवटचं आधण उतरत होतं तेव्हा पोस्टमन आला. त्यालाही आधी रस. मग पत्र. मी उभ्यानं वाचलं. कागद तसाच चांगला होता. मजकूर दोन ओळींचा होता आणि त्यात खेद हा शब्द होता.

माझी जागा का गेली, याचा शोध मी अजून घेतो आहे. संशयित तीन आहेत: शब्बीरनं कमावलेला आवाज, पंख्याकडं बघत दिलेलं उत्तर, आणि ते चार आणे. कधी वाटतं पहिला, कधी दुसरा. तिसऱ्यावर संशय घ्यायला मन धजत नाही, आणि म्हणूनच तो जास्त खुणावतो. आणि ते नऊ टाय आज कुठं असतील? गोऱ्यापान मुलाला पेन पडल्याचं आठवत असेल का? तो मोठा साहेब झाला असेल, तर त्याच्या टेबलावर भांडण झाल्यावर तो सगळ्यांच्या हातात काय ठेवत असेल? आणि वाफेपलीकडं काय होतं? कळलं नाही. वाफ मात्र अजून बघतो, आणि माझी गोष्ट ऐकायला गिऱ्हाईक कधी कमी पडलेलं नाही.

पण त्या दिवशी एवढा शहाणपणा नव्हता.  आबांनी पत्राचा अर्थ माझ्या तोंडावरूनच लावला. खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"म्हंजे तो आता तुझा सायेब न्हाय न्हवं?"

"नाही."

"कधीच हुणार न्हाय?"

"नाही हो आबा!" माझा आवाज फुटला.

आबांनी मान डोलावली. मग चालू आधणातली, सोन्यासारखी पिवळी, हंगामातली सगळ्यात देखणी भेली निवडली. गरम होती तोवरच देवळीतलं ते चार आण्याचं नाणं काढून धोतराला पुसलं आणि तिच्या पोटात अंगठ्यानं दाबून बसवलं. कापडात बांधली, गाठ मारली आणि पुडकं माझ्या हातात दिलं.

"ह्यावर त्या पत्रातला पत्ता घाल," ते म्हणाले. "पावणा आपला गरम गूळ न खाता गेलाय."